हाकेला ओ

२००८ च्या जूनमध्ये आम्ही दोघं जर्मनीत रेगेन्सबर्गला होतो. मुलगा यशोधन तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, सून मैथिली विद्यापीठात संशोधन करते आणि सहा वर्षांची नात इरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. त्या दिवशी मैथिलीने एकच काम सांगितलं होतं, "आई, गावात चाललाच आहात तर येताना एक ब्रोट आणा. काळा नको, इरा खात नाही." म्हणजे पाव आणायला निघालेली माणसं आम्ही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही बाई मुद्दाम भुतंखेतं शोधत हिंडते.

गाव सुंदर, ते मी नाकबूल करणार नाही. डोनाऊ नदीवर जुना दगडी पूल, पायथ्याशी सॉसेज भाजण्याचा धूर. तो टाळायला मी नाकाला पदर लावला, तर एक म्हातारी मला रडू येतंय असं समजून रुमाल द्यायला धावली. नदीकाठी तरणीताठी माणसं अर्ध्या कपड्यांत उन्हात पडलेली. आपण जूनपर्यंत उन्हापासून तोंड लपवतो आणि ही मंडळी त्याच्यासाठी सुट्ट्या काढतात! कॅथीड्रलचे दोन सुळके बघून माझी मान दुखली. आमचे हे मात्र प्रत्येक पाटीपाशी थांबायचे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, खिशात जर्मन शब्दकोश, मग काय विचारता. मी वीस पावलं पुढे, हे वीस पावलं मागे, असा आमचा एकेचाळीस वर्षांचा संसार. मी वळून "अहो!" म्हणायचं, त्यांनी "ओ!" म्हणायचं, की पुन्हा चालायला लागायचं.

नाव मी त्यांचं कधी घेतलं नाही. कुणी आग्रह केलाच तर उखाण्यात, तेवढंच. आमच्या वेळी तीच रीत होती आणि खरं सांगते, मला लाजही वाटायची.

कॅथीड्रलच्या मागच्या एका गल्लीत कुणा जुन्या व्यापाऱ्याचा बुरूज होता. चार वाजता त्याचं तळघर दाखवणार, असा पाटीचा अर्थ यांनी शब्दकोश काढून लावला. "यमुना, तीन मजले आहेत जमिनीखाली!" म्हणाले, लहान मुलासारखे खूश होऊन. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गार असेल म्हणून मीही हो म्हटलं.

माहिती सांगणारी बाई, फ्राऊ लिंडनर, उंच, करड्या केसांची. तिने दारातच आम्हाला बोट दाखवून मोजलं. आम्हाला धरून बारा जण. मग उतरायला सुरुवात झाली. पायऱ्या अरुंद, मधे झिजलेल्या. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक बटण, ते दाबलं की दिवा लागायचा आणि थोड्या वेळाने आपोआप विझायचा. खाली खाली जावं तसा वास बदलत गेला. आधी ओल्या मातीचा, मग आंबलेल्या दारूचा आणि तिसऱ्या मजल्यावर भिजलेल्या घोंगडीचा. तिथे भिंतीत कमानी होत्या आणि त्यांच्या पलीकडे काळोख. ती बाई जर्मनमध्ये सांगत होती, मधेच माझ्यासाठी इंग्रजीत एखादं वाक्य. मी गुडघा धरून उभी होते. यांच्याकडे लक्ष नव्हतं, ही माझी चूक.

वर अंगणात आलो तेव्हा पावणेपाच झाले होते. फ्राऊ लिंडनरने लोखंडी दार ओढलं, पुन्हा बोटाने मोजलं. "त्स्वोल्फ. बारा. गेनाऊ, बरोब्बर!" आणि किल्ली काढली.

मी मागे बघितलं. हे नव्हते.

"माय हजबंड," मी म्हटलं. "खाली राहिले."

तिने पुन्हा मोजलं. "बारा गेले, बारा आले. ते पुढे बाहेर गेले असतील."

"दार तर आतून बंद होतं, आत्ताच उघडलंत ना तुम्ही?"

मग मी स्वतः मोजलं. माझ्यासकट बारा. ऊन स्वच्छ होतं, सगळे चेहरे दिसत होते, सगळे आपले मघाचेच वाटत होते. त्यांतला कोणता नवा, ते मला सांगता येईना... यांना मधुमेह. साडेचारला दोन बिस्किटं पोटात गेली नाहीत तर घाम फुटतो, जीभ जड होते, मग माणूस जिथे बसेल तिथेच बसून राहतो. बिस्किटं माझ्या पर्समध्ये होती.

"पाच वाजता बंद होतं," ती म्हणाली. "नियम आहे."

"मग पाचला बंद करा. मी चालले."

तिच्या हाताखालून मी दार ढकललं. माझी उंची पाच फूट, पण अंगावर आलं की मी कुणाचं ऐकत नाही, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. ती मागून काहीतरी ओरडली, पण खाली आली नाही.

पहिला मजला. बटण दाबलं. कुणी नाही. दुसरा मजला. कुणी नाही. तिसऱ्यावर उतरले, बटण चाचपून दिवा लावला आणि हाक मारली.

"अहो!"

"ओ."

जीव भांड्यात पडला. आवाज उजवीकडच्या कमानीतून आला होता. तिकडे गेले. नुसती भिंत.

"अहो... कुठे आहात?"

"ओ." आता मागून. पायऱ्यांच्या बाजूने. मघापेक्षा जवळ.

"अहो, चेष्टा पुरे हं. बिस्किटं खायची आहेत..."

"ओ."

हा माझ्या खांद्याशी होता. आवाज हळू, समजूतदार, अगदी आज्ञाधारक. आणि तो यांचा नव्हता. यांचा "ओ" नेहमी जरा कंटाळलेला असतो. हा फार आतुर होता, पुष्कळ दिवस कुणी बोलावलं नसल्यासारखा.

तेवढ्यात दिवा विझला.

भिजलेल्या घोंगडीचा वास एकदम नाकात भरला. माझ्या पदराला हलकीशी ओढ लागली, कुणीतरी टोक धरल्यासारखी. मी भ्याले. उगाच शौर्याच्या गप्पा मारत नाही. पण त्या भीतीतच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ज्याला बोलावलं तोच आला होता. "अहो" म्हटलं तर ते कुणाचं नाव? कुणाचंच नाही. जो ओ देईल त्याचं. आणि मी एकदा नाही, तीनदा बोलावलं होतं.

आता नाव घ्यायला हवं. तोंड उघडलं, तर नुसतं नाव काही बाहेर येईना. एकेचाळीस वर्षांची सवय, अशी सुटते थोडीच? पदर पुन्हा ओढला गेला, या वेळी जोराने. तेव्हा मी दोन्ही मुठी आवळल्या आणि हळदीकुंकवाला घेतात तसा खणखणीत उखाणा घेतला,

"तीन मजली तळघर, ओल्या त्याच्या भिंती,
दिनकररावांना न्यायला आले, मला कसली भीती!"

पदर सुटला.

डावीकडून, पार आतून, दमलेला आवाज आला. "यमुना... इकडे."

भिंतीला हात लावून लावून गेले. हे शेवटच्या कमानीत जमिनीवर बसले होते. अंग घामाने थबथबलेलं आणि गार. मी अंधारातच त्यांच्या तोंडात बिस्किटं कोंबली, पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या आणि काखेत हात घालून उठवलं. त्यांना पायरीपायरीने वर आणताना मी एकदाही मागे बघितलं नाही.

वर फ्राऊ लिंडनरचा चेहरा पडला होता. तिने पुन्हा बोट फिरवून मोजलं. यांना धरून बाराच भरले. तिने दोनदा मोजलं आणि घाईघाईने दार लावून घेतलं. "आल्झो," म्हणजे 'चला तर', एवढंच म्हणाली.

परतीच्या बसमध्ये यांना जरा हुशारी वाटली, तशी मी तडकले. "माझी हाक ऐकू आली नाही का? ओ द्यायला काय झालं होतं?"

ते हळूच म्हणाले, "आली ना ऐकू. मी ओ देणार, तेवढ्यात माझ्याआधी कुणीतरी दिला. दर वेळी. मला वाटलं, हिला हवा तो माणूस मिळाला. मग मी कशाला बोलू? गप्प बसलो... तू नाव घेतलंस तेव्हा कळलं, मलाच बोलावतेस."

मला बसमध्येच रडू फुटलं. त्या दिवसापासून मी त्यांना दिनकर म्हणते. चारचौघांत, सोसायटीत, कुठेही. लोक हसले, हसू देत. कारण मात्र मी कुणाला सांगितलं नाही. परदेशात जाऊन म्हातारी चळली, एवढंच म्हणाले असते. ते सांगायला हवं होतं, हे मला गेल्या रविवारी कळलं.

माझी धाकटी बहीण विभावरी आणि तिचे यजमान चारुदत्त नाशिकला आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाली. दिनकर माझ्यासमोर सोफ्यावर पेपर वाचत होते. विभावरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, चहा टाकू का?"

आतल्या खोलीतून उत्तर आलं, "ओ."

हळू, समजूतदार. आज्ञाधारक.

"विभा, नाव घे!" मी ओरडले. "नाव घे त्यांचं!"

"काय गं ताई, या वयात!" ती हसत माझ्यासमोरून आत गेली. मी उठेपर्यंत खोलीचं दार लोटलं गेलं होतं.

त्याच वेळी बेल वाजली. दिनकरांनी दार उघडलं. पान खायला खाली गेलेले चारुदत्त उंबऱ्यावर उभे होते, चपला काढत.

आणि आतून विभावरीचा आवाज येत होता, "अहो, अंग किती गार पडलंय तुमचं... पडा जरा, मी इथेच बसते."