पुढे आलेली सीट

लाइट गेलेत तर जाऊ देत. ते मोबाइल खाली ठेवा, डोळ्यांत उजेड मारू नका. गोष्ट सांगतो, पण मध्येच "भूत दिसलं का?" म्हणून विचारायचं नाही. दिसलं नाही. दिसलं असतं तर निदान माणूस ओळखण्यात चूक झाली नसती, असं लांबूमामा म्हणतो.

हो, आपलाच लांबूमामा, तुमच्या काकूचा भाऊ. गाडी चालवताना ज्याचे गुडघे स्टीयरिंगला लागतात, तोच. त्याला जुन्या इटालियन गाड्यांचं वेड. घ्यायचं नाही, घ्यायला ऐपत लागते. वेड त्यांची कुळं शोधायचं. कुठली गाडी कारखान्यातून कुणाकडे गेली, कुणी ठोकली, कुणी रंग बदलला. त्याच्यासारखे आणखी चार रिकामटेकडे देशोदेशी बसलेत, ते दिवसभर एकमेकांना फोटो पाठवतात. पोरीच्या स्थळाची त्याने एवढी चौकशी केली नसेल.

तर मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. गाडी तपासायला एका म्हाताऱ्या काकूंनी बोलावलं होतं. चहा घेऊन हा निघाला, अंधार पडता पडता त्यांच्याकडे पोचला. एकट्या राहतात. नवऱ्याने हौसेने एक लाल गाडी घेतली होती, दोन सीटची, इंजिन पाठीमागे, उंचीला आपल्या कमरेएवढी. नवरा गेल्यावर एकुलता एक मुलगा ती चालवायचा. एका रात्री पुलाच्या कठड्यावर गेला आणि जागीच संपला. गाडीचा चेंदामेंदा झाला होता, ती भंगारात दिली. पुष्कळ वर्षांनी एका दलालाचा फोन आला. तुमची गाडी दुरुस्त होऊन उभी आहे, म्हणाला. काकूंनी राहतं घर तेवढं ठेवून बाकी सगळं विकलं आणि गाडी परत आणली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. गाडीशी बोलतात.

मामाला म्हणाल्या, "ही माझ्या मुलाचीच का, एवढं बघून सांगा. माझ्यासाठी खोटं बोलू नका."

मामाने दार उघडलं, पण त्याला आत शिरता येईना. सीट पार पुढे, स्टीयरिंगला चिकटलेली.

"मी रोज मागे ढकलते," काकू म्हणाल्या. "तो तुमच्याएवढाच उंच होता. पण संध्याकाळी आले की सीट पुन्हा पुढे."

"सीटखालची खाच झिजली असेल," म्हणत मामाने सीट मागे सारली. खटका बसला. हलवून पाहिली. जाम पक्की.

आता ह्या लोकांची कामाची रीत ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीचा नंबर दोन ठिकाणी असतो. एक पत्र्याच्या पट्टीवर, दुसरा थेट सांगाड्यावर ठोकलेला. पट्टी उचकटून भलत्याच गाडीला लावता येते. सांगाडा कुठून बदलणार? म्हणून ही माणसं पट्टीवर विश्वास ठेवत नाहीत. मामा बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झाला. सांगाड्यावरचा रंग खरवडला, वर कागद धरला आणि पेन्सिल घासली. नंबर उमटला.

पट्टीवरचा काकूंच्या जुन्या कागदांतला. हा वेगळाच.

आणि इथे त्याने ह्या वेड्या लोकांची नेहमीची चूक केली. लबाडी सापडली की ह्यांना आनंद होतो. मागचापुढचा विचार न करता तो खालूनच ओरडला, "काकू, पकडली. ही ती नाहीच!"



तो बाहेर आला. काकू तशाच बसलेल्या. डोळ्यांत पाणी नाही की काही नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या.

"तरीच काय?"

"तरीच सीट पुढे येते."

मामाने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मला वाटायचं, माझाच येऊन बसतो... इतकी वर्षं बोलतेय मी त्याच्याशी." मग सावकाश मामाकडे पाहिलं. "मग हा कोण आहे?"

तेवढ्यात आतून आवाज आला.

कट्.

खटका सुटल्याचा. दोघंही गाडीपासून लांब. दार बंद. सीट थोडी पुढे आली... थांबली. आणखी थोडी... स्टीयरिंगपाशी येऊन थांबली.

कट्.

मामा दोन पावलं मागे सरला. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"भिऊ नका. काही करत नाही तो. नुसता बसतो." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणाचा तरी मुलगा असेल. तुम्हाला नंबर सापडलाय ना? ह्याचं घर तरी शोधा."

"बघतो," मामा म्हणाला. टाळायचं असलं की आपण म्हणतो ना, तसं. कागद खिशात कोंबला आणि निघाला.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. "सीट मागे ढकलली होती. मागेच राहिलीय."

"बरं झालं की, काकू."

"तुमच्याकडे आलाय का तो?"

"नाही," मामा म्हणाला.

त्या म्हणाल्या, "बरं. मग मी आता कुणाशी..." वाक्य पुरं केलं नाही. फोन ठेवला.

हे सगळं त्याने मला परवा इथेच बसून सांगितलं, दुसऱ्याचं लाइटबिल वाचावं तसं. मी म्हटलं, "त्या नंबराचं पुढे काय झालं?" तर म्हणाला, "अजून शोधतोय, भाऊजी. कुणालाच ठाऊक नाही." चहा पण गार करून टाकला.

त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. त्याची गाडी तिथेच होती. सकाळी त्यानेच लावलेली, किल्ली त्याच्याच खिशात. त्याने कुलूप काढलं, दार उघडलं.

सीट पार पुढे. स्टीयरिंगला चिकटलेली.

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. वाकला, खटका ओढला, सीट मागे सारली. वाटेतली चप्पल पायाने बाजूला करतो, तसं. मग गुडघे दुमडून आत बसला.



समोरचा आरसाही खाली वळवलेला होता. कुणा बुटक्या माणसाच्या बेताने.

तो मात्र त्याने तसाच ठेवला.