पोटातली खिडकी

कारखान्यातल्या क्रशरने कामगार सखारामला कमरेपर्यंत ओढून घेतलं होतं. बर्फाच्या लाद्या फोडणारे पोलादी दात थांबले, तेव्हा खालचा चुरा लाल झाला होता. दोघांनी त्याला बाहेर काढलं, तोवर तो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी ओमकारला लांज्यातून उचललं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको वेदिका रेणुका मयेकरच्या दारात उभी राहिली.

रेणुका रत्नागिरीत खासगी तपासाची कामं घ्यायची. निवृत्त शिक्षक आप्पा शेट्ये तिच्यासोबत असत. ते गाडी चालवत, टिपणं काढत आणि बहुतेक गोष्टी आपल्याला उशिरा कळतात हे मोकळेपणाने सांगत.

वेदिकेने रडू आवरत सांगितलं ते असं. ओमकार आपल्या दुकानात बसून कारखान्यांचे संगणक दुरून सांभाळायचा. त्यासाठी त्याच्याकडे रिमोट अॅक्सेसचं सॉफ्टवेअर होतं. अकरा बत्तीसला क्रशर चालू झाला, तो हुकूम त्याच्या नावाने नोंदला गेला होता. त्यात भर म्हणजे ओमकार आणि सखाराम एकाच गावचे, आणि काजूच्या बागेच्या हद्दीवरून शिमग्यात दोघांची मारामारी झालेली.

"त्या सकाळी काही वेगळं घडलं?" रेणुकाने विचारलं.

"कारखान्यातून त्याच सॉफ्टवेअरमध्ये निरोप आला होता, बिघाडाचा फोटो बघा म्हणून. यांनी लिंक दाबली तर नुसतं पांढरं पान. पण ताई, ब्राउझर यांनी आदल्याच दिवशी अपडेट केला होता."

ओमकारचा लॅपटॉप पोलिसांकडे होता. दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर होतं. रेणुकाने त्यातूनच एक साधी लिंक उघडून पाहिली. पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये न जाता सॉफ्टवेअरच्याच चौकटीत उघडलं. मग तिने सॉफ्टवेअरची माहिती वाचली आणि आप्पांना एक तारीख लिहून घ्यायला सांगितली. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. आप्पांनी लिहून घेतली, अर्थ मात्र लागला नाही.

बर्फाचा कारखाना बंदराजवळ होता. मॅनेजर गुरुप्रसादने स्वतः सगळं दाखवलं. संगणकाची यंत्रणा मूळ त्यानेच बसवलेली. ओमकार नंतर आला. क्रशरचं हातबटण दोन महिन्यांपूर्वी जळालं होतं, तेव्हापासून तो फक्त संगणकावरून चालू-बंद व्हायचा. वरचा कॅमेराही अपघाताच्या दोन दिवस आधीपासून बंद होता. ऑफिसच्या खिडकीतून मात्र क्रशरचं तोंड समोर दिसायचं.

कॉम्प्रेसरच्या खोलीत आप्पांनी काहीतरी विचारलं, तर स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येईना. तिथले कामगार हातवाऱ्यांनी बोलत होते.

मग एकेकाला विचारणं झालं. मालक राजेंद्र त्या वेळी मांडवीला पाच गिऱ्हाइकांमध्ये बसला होता. ऑफिसातली नम्रता फाटकावर उशिरा आलेल्या लॉरीपाशी होती, ड्रायव्हरनेही तेच सांगितलं. त्या लॉरीमुळे सखारामची क्रशर साफ करायची वेळ दीड तास पुढे गेली होती. नम्रताने आणखी एक सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं इशाऱ्याचं पत्र आलं होतं. ते तिने मालकाला आणि मॅनेजरला दिलं. ओमकारला पुढे कुणी पाठवलं नाही. गुरुप्रसाद म्हणाला की तो कॉम्प्रेसरपाशी होता, सखारामची किंकाळी ऐकली आणि धावत आला.

सखारामची बायको विमला थोडंच बोलली. गेल्या वर्षी अमोनिया गळून मैना नावाची कामगार तडफडून मेली होती. गळतीचा भोंगा कुणीतरी मुद्दाम तोडला होता, आणि सोमवारी सखाराम सरकारी अधिकाऱ्यापुढे त्याचं नाव सांगणार होता.

"नाव मला नाय सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाले, तुला ठाव नसलेलं बरं."

दुपारी रेणुकाने इन्स्पेक्टर अनिल घाग यांना ऑफिसात बोलावलं. मालक, नम्रता, गुरुप्रसाद, सगळे होते.

"ओमकारने आपला ब्राउझर अपडेट केला," ती म्हणाली. "पण या सॉफ्टवेअरच्या पोटात त्याचा स्वतःचा एक छोटा ब्राउझर आहे. तो तीन वर्षं जुना आहे आणि त्याला भोक आहे. इशाऱ्याच्या पत्रात नेमकं तेच लिहिलंय. पांढरं पान उघडलं आणि त्या भोकातून कुणीतरी ओमकारच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरलं. पुढचा हुकूम त्याच्या नावाने जाणार होता."

"म्हणजे जगातला कुणीही शिरू शकतो," घाग म्हणाले.

"शिरू शकतो, पण बघू शकत नाही. कॅमेरा बंद होता आणि साफसफाई दीड तास लांबलेली. तरी सखाराम आत वाकला त्याच मिनिटाला क्रशर सुरू झाला. हुकूम देणारा या खिडकीपाशी उभा होता. आणि ते पत्र तिघांनीच पाहिलं होतं. मालक मांडवीला, नम्रता फाटकावर." ती गुरुप्रसादकडे वळली. "तुम्ही किंकाळी ऐकलीत म्हणता. कॉम्प्रेसरच्या खोलीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही."

आप्पांना तिथे ऐकू न आलेला आपलाच आवाज आठवला. तेवढ्यात गुरुप्रसादने भिंतीवरचा लादी ओढायचा आकडा उपसला.

तो रेणुकावर धावला. आप्पा विचार न करता मध्ये पडले. आकडा त्यांच्या खांद्यात घुसला आणि हाडावर अडला. रक्त नम्रताच्या टेबलावर उडालं. गुरुप्रसादने तो ओढून दुसऱ्यांदा उगारला, तोवर घागांनी खुर्ची त्याच्या तोंडावर हाणली. दात पडले, नाक फुटलं, तरी तो लाथा झाडत होता. चौघांनी धरून बेड्या घातल्या.

नंतर फरशीवर बसल्या बसल्या त्यानेच सांगितलं. भोंगा वारंवार वाजून काम थांबायचं, म्हणून त्याने तो तोडला होता. सखाराम गप्प बसायला तयार नव्हता.

सुटल्यावर ओमकार घरी जायच्या आधी विमलाकडे गेला. आप्पा खांद्याला पट्टी बांधून त्याच्यासोबत होते. ओमकार एवढंच म्हणाला की लिंक मीच दाबली, वहिनी, माझ्या सॉफ्टवेअरच्या भोकातूनच तो शिरला.

विमलाने मान वर केली.

"ते भोक अजून किती ठिकाणी हाय?"

ओमकारने मनात मोजलं. बर्फाचे कारखाने, काजूचे कारखाने, दोन दवाखाने. "चाळीस तरी असतील."

"मग हितं काय बसलास?" ती म्हणाली. "ऊठ."