डावरीचा टाका

एक होता सीटवाला, एक होती त्याची बायको, आणि एक होती त्यांची लेक टिल्ली. चौथीही एक होती, पण ती नव्हती.

सीटवाला म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारा. पुढे दुकान, मागे घर. ही चौथी त्याची पहिली बायको. टिल्ली जन्मायच्या कितीतरी आधी तापाने गेली. हात तिचा डावा आणि टाका दुहेरी, त्यामुळे तिची शिवण डावीकडे कललेली दिसायची. तिच्या हातची सीट फाटत नाही, असं ड्रायव्हर लोक सांगायचे. माणूस गेलं, तरी गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, "डावरीच्या हातचं काही शिल्लक आहे का?"

आणि मशीनवर बसलेली दुसरी ते ऐकायची.

जिवंत सवत बरी बाबा. तिच्याशी भांडता येतं, तिची भाजी खारट झाली म्हणता येतं. मेलेल्या सवतीची भाजी कधी खारट होत नाही. घरातली तिची भांडी हिने बदलली, पडदे बदलले. राहिली होती ती जुनी व्हॅन. तिच्या मागच्या सीटला पहिलीने एक पट्टा शिवून ठेवला होता, पुढेमागे होणाऱ्या लेकरासाठी. मऊ, आतून कापूस भरलेला, लाल दोऱ्याचा. लेकरू काही झालं नाही. पट्टा राहिला.

टिल्ली दोन वर्षांची झाली तेव्हा नणंदेकडे जायचं ठरलं. पल्ला लांबचा, दिवसभराचा आणि वर थोड्या रात्रीचा. नणंदेने भाची अजून पाहिली नव्हती. पाहिली नव्हती, कारण नणंदेचं आणि हिचं सूत कधी जमलंच नाही. नणंद पहिलीला वहिनी म्हणायची. हिला म्हणायची, टिल्लीची आई.

निघायच्या आदल्या रात्री ही कात्री घेऊन व्हॅनमध्ये शिरली.

"अगं, काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या लेकराला तिचा पट्टा नको. मी नवा लावते."

"चांगला आहे की तो."

"म्हणूनच नको."

तिने लाल टाके टराटरा उसवले, जुना पट्टा कचऱ्यात टाकला आणि नवा निळा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने नुसता कच्च्या टाक्यावर धरून ठेवला. सकाळी जाड सुईने पक्का करू, म्हणाली. शिवणारी बाई होती. कच्चा टाका हिसका बसला की सुटतो, हे तिला सांगायला नको होतं.

पण सकाळीच नणंदेचा फोन आला. "निघालात? वहिनीने शिवलेली सीट अजून आहे ना रे दादा? जपून आणा."

झालं. हिच्या डोक्यात राख गेली. सामान आपटत भरलं, टिल्लीला मागे पट्ट्यात बसवलं, आपण पुढे बसली. नवरा म्हणाला, "मागे बस ना पोरीजवळ." ही म्हणाली, "मागची जागा दुसरीची आहे. पुढची तरी माझी राहू द्या." सुई तशीच डब्यात राहिली.

दिवस बरा गेला. टिल्लीने दूध सांडलं, एक बूट खिडकीबाहेर फेकला, बापाला तीनदा गाडी थांबवायला लावली. दुपारनंतर मात्र एकदम शहाणी झाली. रडेना, मागेना. आईने वळून पाहिलं तर पोरगी बिस्कीट धरून शेजारच्या रिकाम्या जागेला भरवत होती.

"कोणाला देतेस गं?"

"आईला."

"आई इथे आहे."

टिल्लीने तिच्याकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. आणि खुदकन हसली, कोणी गुदगुल्या केल्यासारखी.

भीती नव्हे हो, भीती नंतरची. आधी आला तो राग. भांडी घेतलीस, गिऱ्हाईक घेतलंस, नणंद घेतलीस. आता लेकरूही?

"टिल्ली, इकडे बघ. माझ्याकडे." टिल्लीने बघितलं नाही.

अंधार पडला. कडाक्याच्या थंडीतली शनिवारची रात्र होती ती, चंद्र नव्हता. उताराचा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. दिवा दिसेल तो आपल्याच गाडीचा. नवरा बोलत नव्हता. ही बोलत नव्हती. मागे मात्र बोलणं चाललं होतं.

बोबडं, हळू. एक वाक्य. मग गप्प. जसं कोणी उत्तर देतंय...

हिने आरसा वळवला. टिल्ली जागी होती. मान एका बाजूला कललेली. सीटला टेकलेली नाही. कशालाच टेकलेली नाही. तरी टेकलेली...

"काय करतेस, बाळा?"

"शू. आई सुई करते."

सुई.

पट्टा. कच्चा टाका.

"अहो, थांबवा."

"इथे कुठे? उतार आहे."

"थांबवा म्हणते ना..."

वळणावर, दिवे नसलेला एक ट्रक आडवा उभा होता.

ब्रेक. टायरांचा आवाज. व्हॅन फिरली. मागची बाजू कठड्यावर आदळली. सरकतं दार धाडकन उघडलं.

मग काहीच नाही...

रडण्याचा आवाज नाही.

ती कशी उतरली, तिला आठवत नाही. उघड्या दारापाशी गेली. व्हॅन ओढ्याकडे कलली होती. टिल्ली दाराबाहेर अर्धी लोंबत होती. खाली काळोख. वर एक पट्टा. ताणलेला. धरून असलेला.

तिने पोरीला कवटाळलं. तेव्हा कुठे टिल्लीने भोकाड पसरलं, आणि एवढं गोड रडणं त्या बाईने जन्मात ऐकलं नव्हतं.

नवरा बॅटरी घेऊन आला. उजेड पट्ट्यावर पडला. निळा पट्टा, हिनेच लावलेला. पांढरा दोरा कुठेच नव्हता. कडेने दुहेरी टाका, दाट, एकसारखा. लाल दोऱ्याचा. डावीकडे कललेला.

त्याने बोट फिरवलं. "हा टाका तर..."

ट्रकवाल्याने दोर लावून व्हॅन रस्त्यावर ओढून दिली. निघायची वेळ झाली. नवऱ्याने सवयीने पुढचं दार उघडून धरलं. ती मागे गेली. टिल्लीला पट्ट्यात बसवलं. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत क्षणभर उभी राहिली. जिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, तिला म्हणाली,

"ताई, जरा सरका."

आणि बसली. उरलेला रस्ता तिघी मागे होत्या.

नणंद दारात कंदील घेऊन ताटकळत उभी होती. घडलेलं ऐकलं, कंदील व्हॅनमध्ये धरला, पट्टा पाहिला. बराच वेळ पाहिला. पदराला डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "आत चला, वहिनी. लेकरू गारठलंय."

तेव्हापासून त्या घराचे दिवस पालटले. तिने तो पट्टा पुढ्यात ठेवून, उजव्या हाताला वळण लावत, तो टाका घोटून घोटून उचलला. गिऱ्हाईक परत आलं, दुकान वाढलं, नणंद वर्षातून दोनदा राहायला येऊ लागली. कोणी विचारलं, हा टाका कोणाचा, तर ती मान वर न करता सांगायची, "आमच्या ताईंचा."

पट्टा मी पाहिलाय. त्यांच्या शेजारीच राहायचे ना मी. घरातली झाडून सगळी रिळं तिने मला दाखवली होती. लाल दोरा घरात नव्हताच. शेवटचा होता तो जुन्या पट्ट्यात, आणि तो तर कचऱ्यात गेला होता.