बुडत्या बेटावरचे पाणचिरे

वाळूच्या बेटावर पाणचिरे अंडी घालतात की नाही, एवढं एकदाचं ठरवायला ती तिघं भर उन्हाळ्यात नदीत उतरली होती. नदीकाठची बाकीची मोजणी आटोपली होती. थंडीतले पाहुणे चक्रवाक केव्हाच परत गेले होते. घरचे बगळे, टिटव्या मोजून झाल्या होत्या. राहिला होता हा एकच, नारिंगी चोचीनं पाणी चिरत उडणारा पक्षी. त्याची घरटी सापडली, तर अंडी उबवायच्या दिवसांत वरच्या धरणाचे दरवाजे बंद राहणार होते.

मोजणीचा नियम मात्र मोठा कडक. एकट्यानं पाहिलेलं धरत नाहीत, दोघांनी पाहावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात पक्षी मोजणाऱ्या दादाला घरटी दिसली होती. सोबत होती त्याची बहीण, या तिघांपैकीच एक, जिला घरात सगळे धाकटी म्हणत. तिनंही दुर्बिणीला डोळा लावला, पण वाळूवर नुसती उन्हाची झळ नाचत होती. "नाही दिसत रे, दादा," ती म्हणाली. मोजणीच्या कचेरीत विचारलं तेव्हाही तिनं तेच सांगितलं. झालं! दादाचं पाहणं पाण्यात गेलं. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि हिवाळ्यात तापानं गेला. तेव्हापासून एक प्रश्न धाकटीच्या मनात घोळत होता. तो विचारायची तिची छाती होत नव्हती.

ज्यांना विचारायचा, त्या वहिनीच या खेपेला दुसऱ्या साक्षीदार म्हणून नावेत बसल्या होत्या.

"वन्सं, कावळा आणि चिमणी सोडून तिसरं पाखरू मला कळत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या दादांनी संसार पाखरांशी केला. माझ्याशी नुसतं लग्न!"

नावाडीकाका खो खो हसले. वहिनीही हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

पुढे नदीनं रंग दाखवायला सुरुवात केली. खडकांच्या चिंचोळ्या वाटेत नाव अशी आदळली, की बुडाची फळी उचकटली! वहिनींनी आपली शाल भेगेत कोंबली. धाकटी डब्यानं पाणी उपसत राहिली. वळणापलीकडे पाणी इतकं उथळ, की उतरून नाव ओढावी लागली. तिथली रेती पाय गिळत होती. काका मांडीपर्यंत रुतले. दोघींनी दोराला लोंबकळून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आणि मग समोर बेट आलं. लांबट, पांढरं, नदीच्या मधोमध एकटंच पडलेलं.

धाकटीनं दुर्बिणीला डोळा लावला. यंदा झळ नव्हती. आभाळ भरून आलं होतं. वाळूतल्या उथळ खळग्यावर एक पाणचिरा पोट टेकून बसला होता. तो जरा उठला, आणि खाली ठिपक्यांची अंडी दिसली! शेजारी दुसरं घरटं, पलीकडे तिसरं. अगदी दादा सांगत होता तिथंच.

"वहिनी, बघ! लवकर बघ!"

वहिनींनी पाहिलं. "अगं बाई! अंडी! दिसली, वन्सं, दिसली!"

धाकटीला आनंद झाला. पण तो क्षणभरच टिकला. काका वरच्या अंगाला बघत ओरडले, "पाणी सोडलंय! बसा खाली!"

बेटाची कड हा हा म्हणता झाकली. पहिलं घरटं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावरची मादी उठेचना. पाणी तिच्या पोटाला लागलं तरी ती तशीच बसून!

"उठ गं बाई, उठ!" वहिनी किंचाळल्या आणि कुणाला कळायच्या आत त्यांनी पाण्यात उडी घेतली.

पाणी छातीला आलं. पाय सुटले. वहिनी वाहू लागल्या! धाकटीनं दोर कमरेला बांधला नि मागोमाग उडी टाकली. पहिल्या झेपेत हात हुकला. दुसऱ्यांदा वेणी हाती लागली. काकांनी सगळा जीव एकवटून दोघींना नावेत ओढून घेतलं.

त्यांनी मान वळवून पाहिलं तेव्हा बेट नव्हतं.

"गेल्या वर्षी मी 'दिसलं' म्हटलं असतं," धाकटी कापत म्हणाली, "तर आज दरवाजे बंद असते."

"न दिसलेलं कसं सांगणार होतात, बाई?" काका म्हणाले.

तिनं ते ऐकलंच नाही. "वहिनी, खरं सांग. दादा माझ्यावर रागावला होता?"

वहिनींनी ओल्या केसांतली वाळू झटकली.

"हो," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत. तापातसुद्धा म्हणायचे, तिनं अजून थोडा वेळ बघायला हवं होतं."

धाकटी ढसाढसा रडली. वहिनींनी तिला पोटाशी घेतलं आणि त्याही रडू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात दरवाजे बंद राहणार होते. दोघींनी पाहिलं होतं. आता ते कुणी खोडू शकणार नव्हतं. पण ज्याला हे सांगायचं, तो राहिला नव्हता.

काकांनी नाव काठाकडे वळवली. मागे पाणचिरे बुडालेल्या वाळूवर घिरट्या घालत होते. धाकटीनं डोळे पुसून दुर्बीण उचलली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली.