वाळूत दिलेला शब्द

"मला होडी वाचवायची नाही," हेस्टर बर्केट म्हणाली. "खरं काय ते हवंय. बाबांनी राजीखुशीनं शब्द दिला असेल, तर उद्याच होडी सायलसकाकांच्या दारात नेऊन बांधते."

मग चौकशी उरली कशाची, असं पर्सी डनॉकला वाटलं. पण ऑलिव्ह रेनशॉनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. तिच्याबरोबर बरीच वर्षं अशा चौकश्यांसाठी हिंडून पर्सीला एवढं कळलं होतं, की हातमोजे उतरले म्हणजे बाई आता ठाण मांडणार.

"पहिल्यापासून सांग, पोरी."

हेस्टरचा बाप एम्ब्रोज सोमवारी ओहोटीला घोडागाडी घेऊन खाडीच्या वाळूत शिंपल्या वेचायला गेला. घोडं बुजलं, त्याच्यामागे धावताना त्यानं वाट सोडली आणि तो कमरेपर्यंत रुतला. सायलस माउन्सीनं त्याला ओढून काढलं. पण गारठा छातीत शिरला तो शिरलाच. शुक्रवारी एम्ब्रोज गेला. जाताना पाद्रीबाबांना म्हणाला, "होडी सायलसची. शब्द दिलाय."

"तू गेली होतीस तिकडे?"

"धावत गेले. रविवारच्या वादळानं सुरक्षित वाटेच्या खुणेच्या फांद्या साफ वाहून नेल्या होत्या. पण सोमवारी बघते तर नव्या, हिरव्यागार! त्यांच्याच आधारानं गेले. काका बाबांना खांद्यावर घेऊन येत होते. बाबा छातीपर्यंत चिंब."

"फांद्या कोण रोवतं?"

"वाटाड्या. कुठली वाळू पेलेल नि कुठली गिळेल, ते त्यालाच ठाऊक. अडकलेल्याला काढणंही त्याच्याच गळ्यात. त्यासाठीच पॅरिश, म्हणजे गावची चर्चसभा, त्याला घर देते. इतकी वर्षं काकाच होते. आता नेड क्रूडसन आहे म्हणतात."

सायलस कुंपणापाशी भेटला. रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा.

"एम्ब्रोजनं हाक मारली, 'सायलस, मला काढ, होडी तुझी.' मी म्हटलं, ठरलं. लगेच फळ्या टाकल्या, ओढला."

"म्हणजे शब्द आधी, सुटका नंतर?"

"आधी. शपथेवर सांगतो."

"पाणी चढलं होतं?"

"छे! वाळू कोरडी ठाक होती."

"आणि तुम्ही वाटाड्या म्हणून..."

"नव्हतो," तो झटकन म्हणाला. "आदल्या आठवड्यातच काम नेडला दिलं. विचारा त्याला."

नेड गावच्या पबमध्ये सापडला. उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी बसलेली त्याची आई त्याच्या ताटलीतल्या मटणाचे तुकडे करून देत होती.

"कधी मोडला रे?" पर्सीनं कळवळून विचारलं.

"जत्रेत पडलो. महिना होत आला."

"हो, वाटाड्या मीच आता," तो ऑलिव्हला म्हणाला. "आदल्या आठवड्यापासून." आणि त्यानं मान खाली घातली.

दुपारी हेस्टरच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. पाद्रीबाबाही आले. चहा कुणी घेतला नाही.

"नुसत्या वचनाला आपला कायदा विचारत नाही," ऑलिव्ह म्हणाली. "वचनाच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. त्याला मोबदला म्हणतात. उपकार आधी आणि वचन मागून आलं, तर ते नुसते आभार. म्हणून सायलस 'आधी' या शब्दाला चिकटून बसलेत."

"खोटं बोलतायत?" पर्सी म्हणाला.

"नाही, तेवढं खरं बोलतायत. खोटं पुढे आहे. जे काम आधीच आपल्यावर बांधील आहे, तेच करून वर मोबदला मागता येत नाही. एम्ब्रोजला काढणं वाटाड्याचं कर्तव्यच होतं. म्हणून सायलसना त्या दिवशी वाटाड्या नसणं भाग होतं."

ती नेडकडे वळली. "रविवारी फांद्या वाहून गेल्या. सोमवारी नव्या रोवलेल्या. महिनाभर ताटलीतलं मटणसुद्धा ज्याला कापता येत नाही, त्यानं त्या वाळूत ठोकल्या?"

नेडचा चेहरा उतरला. "मंगळवारी आले हे माझ्याकडे. म्हणाले, घर तुला मिळेल, फक्त आदल्या आठवड्यापासून म्हण."

"कुणाच्या पोटावर पाय दिला मी?" सायलस गरजला. "जीव वाचवला त्याचा!"

"वाळू कोरडी होती, लगेच ओढला म्हणालात," ऑलिव्हचा आवाज चढला नाही. "मग कमरेपर्यंत रुतलेला माणूस छातीपर्यंत भिजला कसा? पाणी चढेपर्यंत तुम्ही फळ्या टाकल्याच नाहीत. घासाघीस चालली होती."

पाद्रीबाबांनी डोळे मिटले.

हेस्टर उठून सायलससमोर उभी राहिली. "किती वेळ 'नाही' म्हणाले बाबा?"

सायलस एक पाऊल मागे सरला. "तो नाही म्हणाला असता, तरी मी काढलाच असता, पोरी. देवाशपथ."

"मग मागितलंत कशाला?"

हेस्टरनं त्याची टोपी खुंटीवरून काढून हातात दिली, दार उघडलं, आणि तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत ते तसंच उघडं धरून उभी राहिली.