मागची खोली विजूची

ते लायटिंग बंद करा रे आधी. डोळ्यांत जातंय. बाप्पापुढची समई बास झाली. आणि सुजित, ते पत्ते उचल. मंडपाच्या राखणीला बसवलंय तुम्हाला, तीन पत्ती कुटायला नाही. चहा आहे का किटलीत? ओत थोडा.

हां, काय म्हणत होतास मघाशी? घरात एक खोली नुसती पडून आहे, तिथं लव्हबर्ड पाळणार. पाळ की बाबा, माझी ना नाही. पण खोली पडून आहे म्हणजे ती कुणाचीच नाही, असं नसतं. एवढं एकदा घरात विचारून घे.

"बबनकाका, सरळ सांगा ना, गोष्ट आहे म्हणून. उगाच घाबरवू नका."

घाबरवतोय कशाला? झालं ते सांगतो. आपल्या कासारवाडीतलंच आहे, दोन गल्ल्या पलीकडचं. तो ज्योतीराम नाही का, चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे तो. त्यानं माझ्या ओट्यावर बसून मला स्वतः सांगितलंय. गेल्या वर्षीची गोष्ट. सर्वपित्रीची आदली रात्र, शनिवार होता.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. सकाळी गाडी काढून पिंपरी कॅम्पात गेला. काम साधंच. पक्ष्यांसाठी पाच किलो राळं आणायचं, आणि भिंतीत ठोकायचे चार पोलादी खिळे.

मागच्या खोलीत त्यानं पक्ष्यांचं घर केलं होतं. पिंजरा नाही हां, अख्खी खोलीच! खिडकीला बारीक जाळी, दाराच्या आत जाळीचा आणखी एक दरवाजा, म्हणजे दार उघडलं तरी पाखरू बाहेर पळत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेरूच्या फांद्या, अंडी घालायला भोकं पाडलेली मडकी. हिरवे, पिवळे, निळे, चाळीसेक पक्षी असतील. दिवसभर असा कलकलाट, की गल्लीतली पोरं खिडकीखाली येऊन उभी राहायची. ज्योतीरामला भारी कौतुक. आयुष्यभर मशिनींचा खडखडाट ऐकला, आता कुठं कान निवले, म्हणायचा. माणूस वाईट नाही, लेकानो. हौशी आहे एवढंच.

फक्त रात्री पक्ष्यांना झोप लागेना. खिडकीसमोरच रस्त्याचा दिवा. जाड पडदा हवा होता. दुकानातून आणायचा तर ह्यानं काय केलं, आईची पेटी उघडली. वरतीच तिचं जांभळं सुती लुगडं होतं, घडी घातलेलं. चांगलं दाट, अंधार होईल असं. त्यानं ते दुहेरी केलं, खिडकीवर धरलं आणि चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले. पदर तसाच खाली लोंबत राहिला.

बायको, हर्षाली, दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, आईंचं लुगडं... विजूताईंना द्यायचं ठरलं होतं ना?"

"देऊ की. तिला कुठं घाई आहे?" असं म्हणाला आणि हातोडी ठेवून दिली.

आता ती खोली कुणाची, ते ऐका.

ती त्याच्या आईची, सगुणाबाईंची. बार्शीकडून पोरं घेऊन आलेली बाई. धाब्यावर भाकऱ्या थापल्या आणि ज्योतीरामला आयटीआय केलं. मीही बघितलंय तिला. कायम तोंडात मशेरी, आणि पदराला गाठ. त्या गाठीत काय नसायचं? सुपारी, बीपीची गोळी, रस्त्यात सापडलेला खिळासुद्धा. खिळा दिसला की वाकायची, उचलायची आणि गाठीत बांधायची. "पोराच्या पायात जाईल," म्हणायची. गाठ अशी करकचून मारायची, की दातानंच सुटायची.

मुलगी विजयश्री, घरात विजू. तिला कामशेतला दिली होती. नवरा पिणारा, हात उचलणारा. चार-सहा महिन्यांनी ती यायची, मागच्या खोलीत आईशेजारी झोपायची, अंगावरचे वळ निवले की परत जायची. आई होती तोवर कुणाला विचारायची गरज पडली नाही.

आई गेली फाल्गुनात. दहाव्याला सगळे आळंदीला घाटावर. पिंड ठेवला... कावळा येईना. म्हणजे कावळे होते, समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली एक उतरेना. मग सुरू झालं. नातवाला इंजिनीअर करतो म्हण. गावाकडचं घर विकत नाही म्हण. ज्योतीराम म्हणत गेला. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. विजू एका बाजूला पायरीवर बसली होती. शेवटी मामा म्हणाला, "अरे, तिचा जीव कुणात अडकलाय, ते तुला सांगायला पाहिजे व्हय?"

तेव्हा ज्योतीरामनं हात जोडले. मोठ्यानं म्हणाला, "आई, मागची खोली विजूची. ती कधीही येऊ दे, रात्री-अपरात्री येऊ दे, माझं दार उघडं आहे."

तोंडातलं वाक्य संपलं आणि कावळा शिवला.

आणि त्याच खोलीत श्रावणात ह्यानं पक्षी सोडले. म्हणाला, ती कुठं रोज येतेय? घाटावर रडणारा माणूस खोटा नसतो रे, पण घरी आल्यावर विसरतो.

तर शनिवार. संध्याकाळी साडेआठला फोन. विजूचा.

"दादा... चार दिवस येऊ का रे?"

ज्योतीराम पक्ष्यांना दाणे टाकत होता. म्हणाला, "अगं, त्या खोलीत आता पक्षी आहेत. पिसं, धूळ, तुला खोकला होईल. आणि हर्षालीलाही हल्ली जमत नाही. दिवाळीला ये ना निवांत."

बघा. हर्षालीला त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. बायकोच्या नावावर खपवलं.

विजू "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढंच असतं तर वेगळं होतं. पण फोनमध्ये तिच्या मागून आवाज येत होता. स्टेशनवर गाडीची सूचना देतात ना, तो. आणि त्यात कासारवाडी हे नाव त्यानं स्पष्ट ऐकलं होतं. म्हणजे बहीण घरातून निघून आली होती. दहा मिनिटांवर उभी होती. त्याला कळलं. आणि कळूनही त्यानं परत फोन केला नाही... मला सांगताना इथंच तो मान खाली घालून बसला. म्हणाला, "बबनराव, मी स्वतःला सांगितलं, आवाज टीव्हीचा असेल."

जेवला. पडला. डोळ्याला डोळा लागेना. जाईल ती परत, नाहीतर मैत्रीण असेल एखादी, असं मनाला समजावत कुशी बदलत राहिला. बारा वाजून गेले. अमावास्या लागली.

मागच्या खोलीत पंख फडफडले.

एकदम सगळे. अंधारात पाखरं घाबरतात कधीकधी, जाळीवर आपटतात. त्याला माहीत होतं ते. मांजर असेल बाहेर, म्हणून तो उठला. बोळकांडीत आला.

फडफड थांबली.

मग आवाज आला... कर्रर्र. सावकाश. भिंतीतून काहीतरी ओढून काढावं तसा.

टक्. खाली पडलं.

पाखरं पुन्हा उसळली. पुन्हा गप्प.

कर्रर्र... टक्.

दाराला बाहेरून कडी होती. त्यानंच लावलेली. आत माणूस जायला वाट नाही. खिडकीला जाळी. ज्योतीराम दाराशी उभा. हात कडीकडे जाईना.

"कोण आहे?"

कर्रर्र...

ह्या वेळी टक् झालं नाही. कुणीतरी हातात धरल्यासारखं.

आणि वास आला. दाराच्या फटीतून. मशेरीचा... भाजलेल्या मशेरीचा. त्या घरात फाल्गुनापासून मशेरी भाजली नव्हती.

"आई?"

"आई... मी..."

काय बोलणार? जिला सांगायचं, तिला सगळं ठाऊक.

चौथा खिळा निघाला. तो निघताना आवाजच झाला नाही. फक्त दाराखालून उजेड आला. रस्त्याच्या दिव्याचा.

त्यानं कडी काढली.

फांद्यांवर एक पक्षी नाही. सगळे खाली. फरशीवर, भिंतीला लागून, ओळीनं. जिथं आईची खाट असायची तेवढी जागा मोकळी सोडून. चाळीस पाखरं त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून बसलेली. चूं नाही.

खिडकी उघडी. लुगडं नाही.

जाळी जशीच्या तशी. भिंतीत चार भोकं. खाली प्लॅस्टरचा चुरा. खिळे... एकही नाही.

मागून हर्षाली आली. "काय झालं? पडदा तुम्ही काढलात?"

त्यानं भिंतीतल्या भोकांवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, "अहो, संध्याकाळी विजूताईंचा फोन होता ना? काय म्हणत होत्या?"

ज्योतीरामनं चप्पलसुद्धा घातली नाही. गाडीची किल्ली घेतली आणि सुटला.

स्टेशन सुनसान. एक कुत्रं, एक दिवा. टोकाच्या बाकावर विजू. पाय पोटाशी घेऊन झोपलेली, पिशवी उशाला. ओठ फुटलेला, गाल सुजून काळानिळा. रात्री वारं सुटलं होतं, पण तिला थंडी वाजत नव्हती. कारण अंगावर पांघरूण होतं.

आईचं जांभळं लुगडं. चौपदरी. पायापासून गळ्यापर्यंत नीट खोचून घातलेलं, लहान पोराला घालतात तसं.

ज्योतीराम तिच्या पायाशी बसला. बसला म्हणजे, कोसळलाच.

विजू जागी झाली. त्याच्याकडे बघितलं आणि तिला हुंदका आला.

"परत आलास व्हय दादा?"

"परत?"

"मघाशी आलास, आईचं लुगडं पांघरवून गेलास. माझे डोळे उघडेनात, पण हात कळला मला. तेव्हाच उठवायचं ना रे. मला वाटलं, पांघरूण घातलं आणि इथंच ठेवून गेला."

काय सांगणार तो? नाही म्हणावं, तर बहिणीला भाऊ आलाच नव्हता, हे सांगावं लागतं. हो म्हणावं, तर आईनं केलेलं आपल्या नावावर घ्यावं लागतं. त्यानं तिची पिशवी उचलली. "चल घरी," एवढंच म्हणाला.

आता विजू त्याच खोलीत राहते. पक्षी त्यानं उजाडायच्या आत गच्चीवर हलवले, ते तुम्ही बघितलेच असतील. तिला अजून त्यानं खरं सांगितलेलं नाही. ती मात्र गल्लीभर सांगते, माझ्या भावासारखा भाऊ नाही, मध्यरात्री येऊन मला पांघरूण घालून गेला. आणि ते ऐकलं, की हा माणूस उठून आत जातो.

एक राहिलं. त्या पहाटे घरी आल्यावर हर्षालीनं चहा टाकला. विजू लुगड्याची घडी घालत होती. घालता घालता थांबली. पदराच्या टोकाला गाठ होती. नखानं सुटेना. मग तिनं दातात धरली आणि सोडली.

आत चार पोलादी खिळे. टोकांना पांढरा चुरा लागलेला.

विजूनं ते तळहातावर घेतले आणि भावापुढं धरले.

"दादा," ती म्हणाली, "पदराला हे कशाला बांधलंस रे?"