‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

चौकात सिग्नलला स्कूटर थांबली, तिने सहज मान वर केली, आणि समोरच्या इमारतीवर तिला ती स्वतःच दिसली.

चांगली दोन मजले उंच! डोकं किंचित मागे, हसून बारीक झालेले डोळे, कपाळावर तीच ती कधीही जागेवर न राहणारी बट... आणि शेजारी हात जोडून उभे असलेले उमेदवार. खाली तिच्या गालाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं – ‘माझं मत ठरलंय!’

तिने तोंडाचा आ वासला. मत? ठरलंय? कोणाचं? जिला रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून काय घालायचं तेही ठरवता येत नाही, तिचं? सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवून चौक डोक्यावर घेतला, तरी तिचा हात काही हलेना. शेवटी कशीबशी स्कूटर कडेला लावली, तेव्हा कुठे तिला दिसलं की फुटपाथवर आणखी एक जण अगदी तसाच, तोंड उघडं टाकून वर बघतोय.

“हा... हा तर माझा फोटो आहे,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“काय?” ती उसळलीच. “जरा डोळे उघडून बघा. तो फोटो माझा आहे!”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे... काढलाय मी, बाई.”

आवाजावरून तिला ओळख पटली. ती शिकवायची त्या शाळेच्या गल्लीतला फोटोवाला! निवडणुकीच्या ड्यूटीवर जायचं म्हणून ओळखपत्र लागत होतं, त्यासाठी ती त्याच्याकडे गेली होती. तेव्हा तो सगळा वेळ कॅमेऱ्यामागे. तिच्या वाट्याला आली होती ती एक भुवई आणि एक कान. बाकीचा माणूस ती आज पहिल्यांदाच बघत होती, आणि बाकीचा माणूस बरा होता, ही गोष्ट अशा वेळी लक्षात यावी याचा तिला भयंकर राग आला.

“पण मी हसले कुठे होते? ओळखपत्राला सरळ तोंडाने बसले होते मी.”

“तो आधीचा. हा नंतरचा.”

“कशानंतरचा?”

“‘झालं’ नंतरचा.” त्याने मान खाली घातली. “मी ‘झालं’ म्हणतो ना, त्यानंतर आणखी एकदा बटण दाबतो. वडिलांची सवय, तीच मला लागली. ‘झालं’ म्हटलं की माणूस खांदे सोडतो, आणि मग... खरा दिसतो. ते म्हणायचे, आधीचा फोटो गिऱ्हाइकाचा, नंतरचा आपला.”

तिला आठवलं. त्या दिवशी तो म्हणाला होता, ‘झालं. आता श्वास घेतलात तरी चालेल.’ आणि तिला खुदकन हसू फुटलं होतं.

“आणि तो आपला फोटो तुम्ही गावभर वाटता?”

“नाही हो! दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर नमुना म्हणून टाकला फक्त. त्यांच्या प्रचारवाल्यांनी तिथून उचलला असणार. तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलंच माझं. पण त्या फोटोत तुम्ही इतक्या...”

“इतक्या काय?”

“...प्रकाश फार छान आला होता,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी जाऊन बसली होती. तिचे बाबा खालच्या मजल्यावर, काका वरच्या. निवडणूक लागल्यापासून दोघा भावांनी तोंडी बोलणं बंद करून सगळी भांडणं घरच्या ग्रुपवर नेली होती. काकांचा त्या उमेदवारावर जीव, आणि बाबांना त्याचं नाव काढलं तरी ठसका लागायचा. काकांनी होर्डिंगचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘शेवटी पुतणी कोणाची!’ बाबांनी तिला दारातच अडवलं.

“घरभेदी,” ते म्हणाले. “माझ्या ताटात जेवून...”

“अहो बाबा, मला माहीतसुद्धा नव्हतं!”

“माहीत नव्हतं आणि दात काढून हसतेयस?”

आई आतून ओरडली, “हसू दे की! एरवी फोटोत कधी हसते का ती?” तिला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. पोरगी दिसतेय छान, एवढंच तिने पाहिलं होतं.

पण खरा घाव दुसऱ्या दिवशी शाळेत बसला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. “तुम्ही भूगोल उत्तम शिकवता. याच महिन्यात तुमची नोकरी पक्की व्हायची आहे. आणि मतदान केंद्रावर बसणारा माणूस असा एका पक्षाच्या फलकावर? वरून विचारणा झालीय. निवडणूक अधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागेल. मला नाही वाटत तुमची ऑर्डर निघेल.”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. या नोकरीसाठी तिने किती शाळांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, ते तिचं तिलाच ठाऊक. शाळा सुटताच ती तरातरा स्टुडिओत गेली.

भांडायलाच गेली होती. मनाशी चार कडक वाक्यं घोकत. पण आत भिंतभर ते नंतरचे फोटो लावलेले होते. खांदे सोडून हसणारी कडक म्हातारी, जांभई देणारा पोलीस, एकमेकांकडे चोरून बघणारं नवं जोडपं... ती बघतच राहिली, आणि कडक वाक्यं कुठल्या कुठे गेली.

“पक्षाच्या कार्यालयात जाऊन आलो,” तो चहाचा कप पुढे करत म्हणाला. “फोटो काढा म्हटलं. ते म्हणाले, अहो, फुकटात प्रसिद्धी मिळतेय, आभार माना.”

“मग?”

“मग मी आवाज चढवला. त्यांनी मला चढवलेल्या आवाजासकट बाहेर काढलं.”

तिला हसू यायला नको होतं. आलं. त्याने पटकन कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि तिने डोळे वटारले. “खबरदार!”

त्यानंतर ती रोजच भांडायला जाऊ लागली. भांडण पुरवून पुरवून वापरायचं, तर रोज थोडंथोडंच करावं लागतं. त्याचा कप न विचारता भरलेला असायचा, आणि प्रकाश चांगला पडतो म्हणून तिची खुर्ची तो खिडकीशी ठेवायचा. प्रकाशाचं फक्त निमित्त, हे त्या खुर्चीलासुद्धा कळत होतं.

आणि मग एका संध्याकाळी बाबा फोन नाचवत घरभर फिरले. “सुटलीस! अगं, तू नाहीच आहेस!”

“काय नाहीये मी?”

“तू! अस्तित्वातच नाहीस! हे बघ, सिद्ध झालंय.”

बाबांच्या पक्षाच्या लोकांनी तिच्या चेहऱ्यावर लाल गोल काढले होते. एक कानाभोवती, एक दातांभोवती, एक त्या बटेभोवती. ‘हसणारी बाई बनावट! संगणकाने तयार केलेला चेहरा! खऱ्या माणसाचे दात असे असतात का?’ हजारो लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. त्यांतले एक तिचे जन्मदाते बाबा होते.

“बाबा... मी तुमच्यासमोर उभी आहे!”

“ते ठीक आहे गं. पण इथे पुराव्यासकट दिलंय.”

राग आला तर कोणावर काढायचा, हेच कळेना. खरं म्हणजे काय, हे आता फोन ठरवणार, आणि घरातली माणसं त्याला माना डोलावणार!

गंमत म्हणजे मोठ्या बाईंनाही हे फार आवडलं. “छानच झालं की,” त्या म्हणाल्या. “अधिकाऱ्यांनी विचारलं की सांगा, ही मी नाही, चेहरा बनावट आहे. सगळे तसंच म्हणताहेत. विषय मिटला, ऑर्डर निघाली.”

तिचा जीव भांड्यात पडला. धावतच ती त्याला सांगायला गेली. तो खिडकीशी काच पुसत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “सांगा तसं. मी... मूळ फोटो पुसून टाकतो. म्हणजे कोणी विचारायला नको.”

“असे चेहरा पाडून काय बोलताय? आनंद नाही झाला?”

“झाला की,” तो म्हणाला, आणि पुन्हा काच पुसू लागला. ती काच कधीची स्वच्छ होती.

जाताना तिचं लक्ष अर्धवट ओढलेल्या शटरकडे गेलं. त्यावर रंगाने खरडलं होतं – ‘इथे खोटी माणसं मिळतात.’ उमेदवाराच्या पक्षवाल्यांनी हात झटकले होते, ‘आम्हाला काय ठाऊक, फोटो या स्टुडिओचा आहे’ म्हणून. दुकानाच्या पानावर शिव्यांचा पाऊस पडत होता. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं, आणि हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं!

“हे कधीपासून?”

“दोनेक दिवस. जाईल हो विसरून जग. लोकांना रोज नवीन काहीतरी लागतं.”

“आणि मी ‘तो चेहरा बनावट’ म्हटलं, तर?”

त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की तिची नोकरी वाचणार होती ती त्याच्या वडिलांच्या दुकानावर पाय देऊन. आणि तो ते मुकाट्याने करू देणार होता... “तो फोटो पुसायचा नाही,” एवढंच ती कसंबसं म्हणाली, “आणि उद्या तो घेऊन अधिकाऱ्यांच्या कचेरीत यायचं.”

कचेरीत खुर्च्यांपेक्षा खोकी जास्त होती. अधिकारी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसले होते. तिच्या शेजारी मोठ्या बाई, निश्चिंत.

“ही तुम्ही नाही, बरोबर?” अधिकाऱ्यांनी रुमाल काढून फोन पुढे केला.

मोठ्या बाईंनी हळूच मान हलवून दाखवली. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

“मीच आहे.”

मोठ्या बाईंच्या हातातली पर्स खाली पडली.

“दातही माझेच आहेत,” ती म्हणाली. आता थांबणं शक्य नव्हतं. “मी हसले ती फोटोवाल्यांच्या बोलण्याला. त्या उमेदवारांना मी आयुष्यात भेटलेले नाही. माझं मत अजून ठरलेलं नाही, आणि ठरलं तरी मी ते इमारतीवर लावणार नाही. मूळ फोटो बाहेर आहे. काढणाराही बाहेर आहे.”

तो आत आला. त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि आधीचा सरळ तोंडाचा, नंतरचा हसरा, असे दोन्ही फोटो दाखवले. विचारल्याशिवाय पानावर टाकला ही चूक माझी, हेही न विचारता सांगून टाकलं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटो आलटून पालटून पाहिले. “सकाळपासून इथे जो येतो, तो म्हणतो माझा संबंध नाही,” ते शेवटी म्हणाले. “संबंध आहे म्हणणारं हे पहिलंच माणूस. फलक उद्याच उतरवायला लावतो, आणि फोटो खरा आहे असं आमच्याकडून जाहीरही होईल. नोकरीच्या आड मी येणार नाही. ड्यूटी मात्र रद्द. तुम्हाला बघून लोक रांगेतच सेल्फी काढत बसतील.”

ड्यूटी रद्द! ज्या ड्यूटीतून सुटायला निम्म्या शिक्षकांची कंबर दर निवडणुकीला धरते! दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत जो तो तिच्या कानाशी लागत होता, “काय गं, कुठल्या स्टुडिओत काढलास फोटो?”

त्या संध्याकाळी दोघं चौकात उभे होते. बारीक पाऊस भुरभुरत होता. दोरावर लटकलेला माणूस तिचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांनी सोलत होता. आधी कपाळ गेलं, मग डोळे... हसू सर्वांत शेवटी.

“बरं झालं एकदाचं,” ती म्हणाली.

“हं.” तो वरच बघत होता. “आता दुकान उघडायच्या आधी इथून कशाला यायचं?”

“रोज इथून येत होतात? हा तर उलटा रस्ता!”

“...प्रकाश चांगला असतो सकाळी.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. कान पुन्हा लाल. या माणसाच्या भरवशावर राहिलं, तर पुढची निवडणूक येईल आणि हा प्रकाशाबद्दलच बोलत असेल, हे तिला स्वच्छ दिसलं.

महिनाअखेरीस ऑर्डर निघाली. निवडणूक होऊन गेली. कोणी जिंकलं, कोणी हरलं, आणि बाबा-काका पुन्हा तोंडी भांडू लागले. पक्क्या नोकरीच्या ओळखपत्राला नवा फोटो हवा म्हणून ती स्टुडिओत गेली. शटर नव्याने रंगवलेलं होतं.

त्याने फोटो काढला. “झालं,” म्हणाला, आणि बटण न दाबता कॅमेरा खाली ठेवला. “आता विचारल्याशिवाय नाही काढत.”

“मग आज मी काढते. बसा तिथे.”

“मी? अहो बाई, मला नाही...”

“बसा म्हटलं ना!”

तो खिडकीशी तिच्या खुर्चीवर बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. कॅमेऱ्यामागून तिला एक भुवई दिसत होती आणि एक लाल कान. तिने बटण दाबलं.

“झालं,” ती म्हणाली.

त्याने सुस्कारा टाकला, खांदे सोडले.

“लग्न करशील माझ्याशी?” तिने विचारलं, आणि पुन्हा एकदा बटण दाबलं.

तो फोटो आता दोघांच्या घरात, आत शिरल्याबरोबर दिसेल असा लावलेला आहे. डोळे कपाळात गेलेले, तोंडाचा आ वासलेला, अगदी त्या पहिल्या दिवशी चौकात होता तसा. येणारे-जाणारे विचारतात, एवढा कसला धक्का बसला होता हो तुम्हाला? तो तिच्याकडे बघतो. कुठल्याही पानावर मात्र तिने तो कधी टाकला नाही. नंतरचा फोटो आपला असतो.